पडद्यावरचे २७ अंश आणि सोलापूरचा मे महिना : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे सोलापुरातील पदविकेच्या विद्यार्थ्यांच्या आणि हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : सर्किट सिम्युलेशन (सर्किट जोडण्याआधी संगणकावर चालवून पाहणे) शिकायचे तर थेट प्रोटियस हे विकतचे सॉफ्टवेअरच घ्यावे, फुकटची सॉफ्टवेअर म्हणजे पोरांची खेळणी, विकत घेणे परवडत नसेल तर ‘फुल व्हर्जन’ची लिंक सोबत दिली आहे, ते टाकताना अँटीव्हायरस तेवढा बंद ठेवावा, लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाचा असावा, आणि पडद्यावर चाललेले सर्किट बोर्डावर चालतेच, त्यामुळे सुटे भाग जाळण्याचा खर्च वाचतो. हा संदेश मला चौघांनी पाठवला. त्यांपैकी दोघे पूर्व भागात स्वतःच्या यंत्रमागांची किरकोळ इलेक्ट्रॉनिक कामे घरीच करतात आणि खिशातले पैसे मोजून सामान आणतात, म्हणून याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटले.

प्रोटियस वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. ८०५१, पिक किंवा एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरांसाठी (प्रोग्राम भरता येणाऱ्या चिपांसाठी) लिहिलेल्या प्रोग्रामची हेक्स फाइल, म्हणजे त्याचे चिपला कळणारे रूप, चित्रातल्या चिपमध्ये भरून, तिला जोडलेला एलसीडी पडद्यावर अक्षरे उमटवताना पाहणे ही सोय त्यात फार पूर्वीपासून आहे आणि ती उत्तम आहे. मात्र एका कामात उत्तम असलेले अवजार सगळ्याच कामांत उत्तम असते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

‘फुकट ते खेळणे’ हा दावा तर इतिहासालाच धरून नाही. स्पाइस हा सर्किटचे गणित सोडवणारा प्रोग्राम या क्षेत्राचा मूळपुरुष. तो बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी लिहिला, १९७३ मध्ये जगापुढे मांडला गेला आणि विद्यापीठाने तो इतरांना मोकळेपणाने वापरू दिला. पुढे त्याची ‘३एफ५’ ही आवृत्ती आली. आज फुकट मिळणारे एनजीस्पाइस याच आवृत्तीवर उभे आहे आणि प्रोटियसमधला ॲनालॉग गणित करणारा भागही याच आवृत्तीवर बेतलेला आहे. म्हणजे ज्याला खेळणे म्हणून हिणवले आणि ज्याची शिफारस केली, ती दोन्ही एकाच आजोबांची नातवंडे आहेत. एलटीस्पाइस हे तर चिप बनवणाऱ्या कंपनीने, आधी लिनिअर टेक्नॉलॉजीने आणि ती विकत घेतल्यानंतर ॲनालॉग डिव्हाइसेसने, मोफत ठेवलेले सॉफ्टवेअर असून पॉवर सप्लाय आखणारे व्यावसायिक अभियंते ते रोज वापरतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या फॉसी प्रकल्पाने कायकॅड (सर्किट आणि बोर्ड आखण्याचे मोफत सॉफ्टवेअर) आणि एनजीस्पाइस यांची सांगड घालून ईसिम तयार केले आहे, तेही विनामूल्य आहे.

अँटीव्हायरस बंद करून टाकायच्या ‘फुल व्हर्जन’बद्दल फार लिहिण्याची गरज नाही. घराची कडी काढून ठेवायला सांगणारा पाहुणा कोण आहे, हे उंबरठ्यावरच विचारावे. त्यात चोरीचा माल वापरल्याचा कायदेशीर दोष आहे तो वेगळाच.

ग्राफिक्स कार्डाच्या अटीचे मला खरोखर नवल वाटते. मूळ स्पाइस फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला होता आणि त्याला सर्किटचे वर्णन पंच कार्डांवरून दिले जाई. हौशी माणसाच्या दहा-वीस भागांच्या सर्किटला जुना, चार जीबी मेमरीचा लॅपटॉप पुरून उरतो. सिम्युलेशन रेंगाळते ते बहुधा वेगळ्याच कारणाने : एक लाख हर्ट्झला उघडझाप करणारा स्विचिंग सप्लाय घेऊन त्याचे पूर्ण एक सेकंदाचे वर्तन मागितले, तर प्रोग्रामला काळाची लाखो लहान पावले टाकावी लागतात. अशा वेळी काही मिलिसेकंदच मागावेत. त्यासाठी नवीन लॅपटॉप लागत नाही.

आता सर्वांत घातक दाव्याकडे येतो : ‘पडद्यावर चालले की बोर्डावर चालतेच.’ मी स्वतः याच समजुतीने फसलो आहे. परिचितांच्या मागासाठी फेऱ्या मोजणारा एक काउंटर केला होता. चार मोठ्या अंकांचा एलईडी डिस्प्ले, त्याला पाच व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर. पुरवठ्यासाठी नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि पाच व्होल्ट स्थिर राखणारा ७८०५ हा रेग्युलेटर. पडद्यावर पाच व्होल्टची रेघ आखल्यासारखी सरळ होती. प्रत्यक्षात संध्याकाळी सगळे माग सुरू असताना काउंटर मध्येच शून्यावर येई.

गणित कागदावर मांडले तेव्हा उलगडा झाला. नऊ व्होल्ट एसीचे शिखर (सुमारे १.४१ पट) १२.७ व्होल्ट, दोन डायोडांत सुमारे १.४ गेले, उरले ११.३. दर दहा मिलिसेकंदांनी भरल्या जाणाऱ्या कॅपॅसिटरमधून अर्धा अँपिअर ओढला, तर दोन भरण्यांच्या मध्ये व्होल्टेज ढोबळमानाने २.३ ने उतरते, म्हणजे तळ नऊ व्होल्टचा. ७८०५ ला इनपुटवर सुमारे सात व्होल्ट लागतात, तेव्हा सगळे ठीक दिसते. पण हे २३० व्होल्टचे चित्र झाले. त्या गल्लीत संध्याकाळी मीटर १९० दाखवत होता. तेवढ्याने ट्रान्सफॉर्मरचे नऊ ७.४ वर आले, शिखर १०.५, डायोडांनंतर ९.१, आणि तळ ६.८. सातच्या खाली! सॉफ्टवेअरने खोटे काहीच सांगितले नव्हते. मी त्याला २३० सांगितले आणि त्याने २३० चे उत्तर दिले. एलटीस्पाइसमध्ये हाच आकडा पायरीपायरीने बदलून सर्व आलेख एकावर एक पाहण्याची सोय आहे. ती मी वापरलीच नव्हती.

तापमानाची गोष्ट याहून बोलकी आहे. स्पाइस कुळातील प्रोग्राम, वेगळे सांगितले नाही तर, सर्व भाग २७ अंश सेल्सिअसला आहेत असे धरून चालतात. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच चाळिशी ओलांडते, आणि पत्र्याच्या छपराखालच्या बंद डबीत ५५ अंश सहज भरतात. शिवाय नेहमीची मॉडेले भाग स्वतःच्या उष्णतेने तापतो हे गृहीतच धरत नाहीत. वरच्याच सप्लायमध्ये ७८०५ सुमारे २.६ वॉट उष्णता सोडतो. लहान हीटसिंकसह प्रत्येक वॉटला ३० अंश चढतात असे धरले, तर चढ ७८ अंशांचा होतो. २७ अंशांच्या खोलीत चिपच्या आत १०५. त्या डबीत १३३, आणि मर्यादा आहे १२५ ची. पडद्यावर यातले अवाक्षरही उमटत नाही.

उलट बाजूही आहे. दोन ट्रान्झिस्टरांचा साधा फ्लॅशर स्पाइसमध्ये हुबेहूब सारख्या भागांनी काढला, तर कित्येकदा तो लुकलुकतच नाही, कारण प्रोग्रामला दोन्ही बाजूंचा समतोल सापडतो आणि तो तिथेच बसून राहतो. खऱ्या बोर्डावर दोन भाग कधीच तंतोतंत सारखे नसतात, म्हणून तो चालतो. पडद्यावर एक रेझिस्टर किंचित बदलला, तर तिथेही चालू होतो. नवख्या माणसाने संदेशावर विश्वास ठेवून असे निर्दोष सर्किट टाकून दिले, तर दोष कोणाचा?

राहिला ‘एकच सॉफ्टवेअर पुरे’ हा सल्ला. सर्किटला काय विचारायचे आहे ते आधी ठरवावे, असे माझे मत आहे. ओहमचा नियम आणि कॅपॅसिटरचे भरणे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फाल्स्टॅडच्या सिम्युलेटरला तोड नाही. तारेतून सरकणारे प्रवाहाचे ठिपके शाळेतल्या मुलालाही पाहता पाहता समजतात. मात्र त्यातला ऑप-ॲम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) मुळात अधिक-उणे १५ व्होल्टपर्यंत जाणारा असतो. तेथे पाहून पाच व्होल्टवर एलएम३५८ हा ऑप-ॲम्प लावणाऱ्याला प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास थांबलेले आउटपुट मिळते. सप्लाय, ॲम्प्लिफायर, फिल्टर यांसाठी एलटीस्पाइस. बोर्डाचा आराखडाही करायचा असेल तर कायकॅड, कारण एनजीस्पाइस त्यातच आहे. अर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा प्रोग्राम तपासायचा असेल तर वोकवी किंवा टिंकरकॅड हे ब्राउझरमधले सिम्युलेटर, कारण एलटीस्पाइस अर्डुइनोचे स्केच (प्रोग्राम) चालवू शकत नाही. वोकवीतले बटण तर दाबल्यावर खऱ्या बटणासारखे क्षणभर थरथरते आणि एका दाबाचे अनेक दाब मोजले जातात. माझ्या काउंटरचा दुसरा रोग हाच होता. स्पाइसमधल्या आदर्श स्विचने तो झाकून ठेवला होता आणि वोकवीने पाच मिनिटांत उघडा पाडला.

तिसरा रोग मात्र कोणत्याच पडद्यावर सापडला नाही. शेजारच्या मागाची मोटर सुरू झाली की सेन्सरच्या दोन मीटर लांब वायरीत ठिणगीचा विद्युत गोंगाट (नॉइज) शिरे आणि काउंटर एक फेरी जास्त मोजे. ती वायर पिळून घेतली, इनपुटवर एक रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला आणि मागाशेजारी स्टूल टाकून एक पूर्ण पाळी मोजणी ताडून पाहिली, तेव्हा आकडा जुळला.