हवाईत खोलवर गोडं पाणी लागलं, म्हणून आपण हजार फूट बोअर मारायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेतकरी ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. हवाई बेटावर समुद्राकाठी शास्त्रज्ञांनी साडेतीन किलोमीटर बोअर मारलं, खाली गोडं पाणी लागलं, आपला काळा पत्थर पण ज्वालामुखीचाच, म्हणून सहाशे फुटाला कोरडं निघालं तरी बोअरची गाडी थांबवू नका, जितकं खोल तितकं पाणी. लोक कर्ज काढून बोअर मारतात हो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"पाण्यासाठी बोअर मारलं." नाही. हिलो गावात एअरपोर्टच्या आवारातल्या जुन्या खाणीत १९९९ साली ते भोक तीन किलोमीटरच्या वर नेलं, नंतर साडेतीनपर्यंत. ज्वालामुखी कसा वाढत जातो ते बघायचं होतं. आपल्या गाडीसारखं पत्थराचं पीठ करून उडवायचं नव्हतं, दगडाच्या लांब कांड्या कापून वर काढल्या आणि क्रमानं लावून ठेवल्या.

"खाली सगळा एकच पत्थर." हे तर त्या कांड्यांनीच खोडून काढलंय. वरचे साधारण अडीचशे मीटर मौना लोआ ज्वालामुखीचे, त्याखाली शेजारच्या मौना केआचे थर सुरू. आणि समुद्रसपाटीखाली जवळपास १०८० मीटरपर्यंत जो लाव्हा आहे तो उघड्या हवेत, जमिनीवर वाहिलेला! तो इतका खाली गेला कारण बेट स्वतःच्या वजनानंच खचतंय, हिलोचा किनारा आजही वर्षाला दोन-अडीच मिलिमीटर खाली जातोय. त्याच्याही खाली समुद्रात पडून तडकलेल्या काचेसारख्या चुऱ्याचे थर, आणि पाण्यातच थिजलेले लाव्ह्याचे गोल गोळे. मला तरी हे वाचताना पाण्यापेक्षा भारी वाटलं.

"खाली गोडं पाणी लागलं." हे मात्र खरंय, आणि मेसेज पटतो तो इथंच. खाऱ्या पाण्याच्या खाली गोडं पाणी सापडलं तेव्हा शास्त्रज्ञ पण चकित झाले. पण ते नुसतं खोलीमुळं नाही. मौना केआची जुनी जमीन, तिच्यावरची माती आणि राख दुसऱ्या डोंगराच्या लाव्ह्याखाली गाडली गेली, त्या थरानं वरचं खारं पाणी वर आणि डोंगरावर मुरलेलं पावसाचं पाणी खाली दाबून ठेवलं. हिलोत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि दगड काही लाख वर्षांचाच, भेगा-पोकळ्या अजून बऱ्याच मोकळ्या.

आपला पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळ्या कधीच्या भरून गेल्यात, बोअरच्या चुऱ्यात पांढरे चकाकणारे खडे दिसतात ना, तेच ते भरलेलं. आपल्याकडं पाणी जास्त करून वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात मिळतं, खाली जाल तशा भेगा कमी आणि घट्ट होत जातात. खोल बोअरला पाणी लागतच नाही असं नाही, पण "जितकं खोल तितकं पाणी" हा हिशोबच चुकीचा.

"काळा पत्थर कितीही खोल आहे." कोयनेजवळ तीन किलोमीटरचं भोक मारलं तिथं १२४७ मीटरलाच बेसाल्ट, म्हणजे हा काळा पत्थर, संपला, खाली ग्रॅनाइट. किल्लारीला तर ३३८ मीटरलाच. आपण तर या पत्थराच्या पार दक्षिण टोकाला, गोकाकचा धबधबा ज्याच्यावरून पडतो तो बेसाल्ट नव्हेच, वाळूचा दगड आहे. मग हवाईचा दाखला आपल्या शेतात लावणार कसा?

बोअर मारायचंच असेल तर गाडीजवळ स्वतः उभे राहा. दर दहा फुटाचा चुरा वेगवेगळ्या पिशवीत ठेवा, लाल पाणी यायला लागलं की दोन थरांमधली लाल माती लागली समजा, किती फुटाला ते लिहून ठेवा. आणि चारपाचशे फुटानंतर नुसताच राखाडी कोरडा धुरळा उडत असेल तर पुढचा पाइप जोडायच्या आधी एखाद्या भूजलवाल्या जाणकाराला त्या पिशव्या दाखवा, कारण खोलीबरोबर फुटाचा दर पण चढत जातो.