'स्टार वॉर्स' एक नंबरपासून दाखवू नका

मे महिन्याची सुट्टी लागली की हा प्रश्न हमखास येतो. कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी लेक आठ-दहा वर्षांची झालेली असते, घरात 'स्टार वॉर्स' दाखवायचं ठरतं आणि मेसेज येतो, "एपिसोड वनपासूनच सुरू करू ना?"

नाही. कृपा करून नाही. आधी १९७७ चा सिनेमा, ज्याच्यावर आज 'एपिसोड फोर' असं लिहिलेलं असतं तो. मग १९८० चा, मग १९८३ चा. कथेत आधी घडणारे १९९९, २००२ आणि २००५ चे तीन, म्हणजे एपिसोड एक ते तीन, त्यानंतर. थिएटरात ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने. या बाबतीत मी अगदी ठाम आहे आणि का ते जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळी गुपितं फुटणार आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे हे आकडे मुळात नव्हतेच. २५ मे १९७७ ला अमेरिकेतल्या मोजक्या थिएटरांत हा सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर नुसतं 'स्टार वॉर्स' आलं. १९८० मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला आणि त्याच्या सुरुवातीच्या सरकत्या मजकुरावर 'एपिसोड फाइव्ह' झळकलं. पहिल्या सिनेमाला 'एपिसोड फोर, अ न्यू होप' हे शेपूट जोडलं गेलं ते १९८१ च्या पुनःप्रदर्शनात. म्हणजे ज्या आकड्यांवरून आपण क्रम ठरवतो, ते सिनेमा सुपरहिट झाल्यानंतर चिकटवलेले आहेत.

"लुकासच्या डोक्यात पहिल्यापासून सगळं तयार होतं" असं या सिनेमांचे कर्ते जॉर्ज लुकास यांच्याबद्दल पुष्कळजण सांगतात. मला हे पटत नाही, कारण नोंदी वेगळं सांगतात. पहिला सिनेमा फारसा चालला नाही तर कमी खर्चात दुसरा काढता यावा म्हणून अ‍ॅलन डीन फॉस्टर यांच्याकडून एक कादंबरी लिहून घेतली होती. ती १९७८ मध्ये आली. त्यात हॅरिसन फोर्डने साकारलेला हान सोलो नाही, कारण पुढच्या भागासाठी फोर्डचा करार झालेला नव्हता. आणि नायक ल्यूक आणि राजकन्या लिया यांच्यात चक्क प्रेमाची चाहूल आहे. १९८० च्या सिनेमातही लिया ल्यूकचं चुंबन घेते. दोघं भाऊ-बहीण हे ठरलं ते १९८३ च्या भागासाठी.

आणि खलनायक डार्थ वेडर हाच ल्यूकचा बाप, हे? तेही ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या सिनेमाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांनी लिहिला. त्यात ल्यूकच्या वडिलांचा आत्मा त्याला भेटायला येतो आणि डार्थ वेडर हा सरळ वेगळा माणूस आहे. खर्डा देऊन काही आठवड्यांतच, मार्च १९७८ मध्ये, ब्रॅकेट वारल्या. मग लुकास स्वतः लिहायला बसले आणि त्या खर्ड्यात हे नातं जन्माला आलं. पुढे लॉरेन्स कॅस्डन यांनी पटकथेवर हात फिरवला.

आता हे माहीत असताना १९७७ चा सिनेमा पुन्हा लावा. ल्यूक विचारतो, माझे वडील कसे गेले? त्याच्या म्हाताऱ्या गुरूच्या, ओबी-वानच्या भूमिकेतले अ‍ॅलेक गिनेस क्षणभर थबकतात, नजर दुसरीकडे वळवतात आणि मग सांगतात की वेडरने त्यांना मारलं. आज पाहताना वाटतं, म्हातारा लपवतोय. पण शूटिंगच्या वेळी लपवण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं! त्या थबकण्याला अर्थ मिळाला तो तीन वर्षांनी. कथा अशी मागे जाऊन स्वतःलाच बदलते, हे बघण्यातला आनंद आकड्यांच्या क्रमाने पाहणाऱ्याला मिळूच शकत नाही. त्याला ओबी-वान खोटं बोलतोय हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं.

हे गुपित सेटवरही किती जपलं होतं बघा. वेडरच्या काळ्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउज यांना वाक्य दिलं होतं ते 'ओबी-वानने तुझ्या बापाला मारलं' अशा अर्थाचं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात डब झालं. ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलला दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांनी शॉटच्या जरासं आधी बाजूला घेऊन सांगितलं. आणि जोन्सना स्वतःला ते वाक्य वाचून काय वाटलं? की वेडर थाप मारतोय! १९८० च्या प्रेक्षकाला तीन वर्षं हाच प्रश्न छळत राहिला, खरं की खोटं. इतकी माणसं जे सांभाळत होती ते आपण मुलांना तिसऱ्या दिवशी 'रिव्हेंज ऑफ द सिथ' (एपिसोड थ्री) दाखवून फोडून टाकतो. उत्तर सांगून मग कोडं घालण्यासारखं आहे हे.

बापाचं गुपित आता जगजाहीर आहे, मुलांना टी-शर्टवरूनही कळतं, असं कुणी म्हणेल. मान्य. मग योडाचं बोला. दलदलीच्या त्या ग्रहावर ल्यूकचं यान चिखलात रुतलंय. एक बुटकं, हिरवं, चोंबडं म्हातारं येतं, त्याच्या डब्यात हात घालतं, त्याचं खाणं चाखून थुंकतं, छोटा दिवा उचलतं आणि तो परत घ्यायला आलेल्या आर-टू-डी-टू या रोबोला काठीने बडवतं. ल्यूक वैतागतो. त्याला महान योद्धा योडा भेटायचाय आणि हे म्हातारं त्याला आपल्या झोपडीत जेवायला बसवतं. मग हळूहळू आवाज बदलतो आणि ल्यूकसोबत आपल्यालाही कळतं, हाच तो. माझी भाची तोवर त्याला "किती आगाऊ आहे हा" म्हणत होती, आणि एकदम गप्प झाली. फ्रँक ऑझ यांच्या हातातली ती बाहुली आपल्याला माणूस पारखायला शिकवते. 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये (एपिसोड टू) तलवार घेऊन गरगर उड्या मारणारा योडा आधी पाहिला असेल तर हा अख्खा प्रसंग मेला. मुलं नुसती विचारतात, ल्यूकला कसं कळत नाहीये?

उलट बाजूने पाहा. १९९९ पासूनचे ते तीन सिनेमे काही वाईट नाहीत, निदान तिसरा तरी नाहीच. पण ते शेवट माहीत असणाऱ्यांसाठी लिहिलेले आहेत. तो गोड मुलगा अनाकिन पडद्यावर येतो तेव्हा पोटात कालवतं, कारण हाच पुढे डार्थ वेडर होणार हे आपल्याला माहीत असतं. माहीत नसेल तर तो फक्त शर्यत जिंकणारा एक मुलगा. लुकास यांनी नंतर सहाही भागांना मिळून अनाकिनची शोकांतिका म्हटलं, ते खरं आहे. पण शोकांतिकेचा नायक कोण हे आधी कळायला हवं, तरच त्याचं पडणं लागतं.

एपिसोड वन गाळून ४-५-२-३-६ असा 'मशेटी' नावाचा क्रमही लोकप्रिय आहे. बापाचं गुपित त्यात शाबूत राहतं, पण १९८० नंतरची ती टांगती उत्कंठा लगेच पुढच्या भागात सोडवायची सोडून मध्ये दोन सिनेमे घुसवायचे, हे मला जमत नाही. पुन्हा पाहताना करा. 'रोग वन' हा आकडा नसलेला जोडसिनेमा २०१६ चा आहे, १९७७ च्या कथेला अगदी खेटून संपतो, म्हणून तो आधी लावायचा मोह होतो. तोही नको. २०१५ पासूनचे सगळे त्यांच्या त्यांच्या वर्षी.

एक अडचण मात्र खरीच आहे. आज अधिकृतपणे मिळतात त्या जुन्या तीन सिनेमांच्या १९९७ पासून वेळोवेळी बदललेल्या आवृत्त्या. १९८३ च्या सिनेमात शेवटी ल्यूकला वडिलांचा आत्मा दिसतो. मुळात तिथे सेबॅस्टियन शॉ होते, ज्यांचा चेहरा आपण थोड्याच वेळापूर्वी मुखवट्याखाली पाहिलेला असतो. २००४ च्या डीव्हीडीत त्यांना काढून नंतरच्या सिनेमांतला तरुण अनाकिन, हेडन क्रिस्टनसन, याला बसवलं. मला याचा आजही राग येतो. एका वयस्क नटाचं काम पुसलं, आणि प्रदर्शनाच्या क्रमाने पाहणाऱ्या मुलाला तो तरुण कोण हेच कळत नाही. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पहिल्या सिनेमाची १९७७ ची मूळ प्रिंट महोत्सवात दाखवली तेव्हा म्हणूनच मला इतका आनंद झाला. तशी संधी आपल्याकडे येईपर्यंत घरी एवढंच करा. तो तरुण दिसला आणि मुलाने "हा कोण?" विचारलं, तर शॉ यांचा मूळ फोटो मोबाइलवर दाखवा, आणि तरुणाबद्दल सांगा, पुढच्या तीन सिनेमांत कळेल.