चाकं उलटी फिरली म्हणजे एलएसडी नाही, असं नसतं

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मागच्या अ‍ॅक्सलमध्ये एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी, दोन चाकांमधली गियरपेटी) आहे का ते ओळखायची मी दिलेली टेस्ट चुकीची आहे, कारण तुमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या हाऊसिंगवर लिमिटेड स्लिपची पाटी आहे तरी एक चाक हातानं फिरवल्यावर दुसरं उलटं फिरलं, आणि एलएसडीच्या ऑइलमध्ये वरनं ओतायचं अ‍ॅडिटिव्ह म्हणजे ऑइलवाल्यांचा पैसे काढायचा धंदा.

टेस्टबद्दल तुमचं बरोबर आहे, मी अर्धंच लिहिलं होतं. गाडी न्यूट्रलला, मागची दोन्ही चाकं वर, आणि दोन्ही एकाच दिशेला फिरली तर आत एलएसडी आहे किंवा कुणीतरी डिफरन्शियल वेल्डिंग मारून जाम केलाय. पण उलटी फिरली तर ओपन, म्हणजे साधा डिफरन्शियलच आहे असं नाही. क्लच प्लेटवाला एलएसडी (आतल्या प्लेटा एकमेकींना धरून चाकं जोडतात तो) झिजला की ओपनसारखाच वागतो, बघा तुमचं तेच झालं असणार. आणि महिंद्राच्या थारला 2015 पासून जो मेकॅनिकल लॉकर (दोन्ही मागची चाकं एकत्र जाम करणारा) आला तो तर चाकांच्या वेगात बराच फरक पडल्याशिवाय लॉकच होत नाही, त्यामुळं हातानं फिरवून तो कधीच कळणार नाही. पाटीवरही भरवसा ठेवू नका, कंपनीतनं काय बसून आलं एवढंच ती सांगते, मधल्या मालकानं अख्खा अ‍ॅक्सल बदलला असेल तर?

खात्री करायची तर मागचं एकच चाक उचला, बाकी तिन्हींना दगड लावा, न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि उचललेलं चाक टॉर्क रेंचनं फिरवा. किती जोराला हलायला लागतं तो आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. फारच कमी आला तर प्लेटा संपल्या.

पण तुम्ही पुढं लिहिलंय की एक चाक जॅकवर घेऊन इंजिन चालू करून गियर टाकून बघितलं, ते वाचून मला खरंच भीती वाटली. एलएसडी चांगला असता तर जमिनीवरच्या चाकानं जोर धरून गाडी जॅकवरनं उडी मारली असती आणि शेजारी तुमचा मुलगा उभा होता. परत हे करू नका, हात जोडून सांगतो.

आता अ‍ॅडिटिव्ह. प्लेटा एकमेकींवर अलगद सरकायला पाहिजेत, त्यासाठी ते असतं. साध्या जीएल-5 गियर ऑइलमध्ये त्या धरतात-सोडतात, धरतात-सोडतात, आणि हळू वळताना मागनं कडकड आवाज येतो. माझ्या गाडीला गगनबावड्याच्या घाटात असाच यायचा, एका गॅरेजवाल्यानं बेअरिंग गेलंय म्हणून ती बदलली, आवाज तसाच. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ऑइल काढून एलएसचं, म्हणजे लिमिटेड स्लिपसाठी अ‍ॅडिटिव्ह आधीच मिसळलेलं, भरलं आणि मोकळ्या मैदानात हळूहळू इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायला लावली, बंद झाला. डब्यावर एलएस लिहिलेलं असेल तर वरनं अ‍ॅडिटिव्हची बाटली ओतायची गरज नाही, उलट जास्त झालं की प्लेटा घसरतात आणि उसाच्या चिखलात गाडी जागेवरच चाक मारत बसते. तिथं तुमचा पैशाचा मुद्दा मला पटतो. टॉर्सन जातीच्या, प्लेटांऐवजी गियरवाल्या एलएसडीला तर शक्यतो लागतच नाही.

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा, एक नवा एक गुळगुळीत असेल तर सरळ रस्त्यावरसुद्धा प्लेटा घासत राहतात.

आणि ऑइल बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच खालचा काढा. जुन्या गाडीत वरचा गंजून बसलेला असतो, आणि खालचं सगळं सांडून मोकळं झाल्यावर ते कळलं तर गाडी तिथंच उभी.