पोटाला पाटी वाचता येत नाही

साताऱ्याच्या आमच्या धावण्याच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात तोच वाद पेटतो. हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली, यवतेश्वरच्या घाटात रविवारचे लांब सराव सुरू झाले, की कुणीतरी फॉरवर्ड टाकतं: परदेशातले मोठमोठे धावपटू आता व्हीगन होताहेत (मांसच काय, दूध-अंडीही सोडताहेत), म्हणजे आपल्या पूर्वजांचंच बरोबर होतं. पाच मिनिटांत दुसऱ्या बाजूचं उत्तर येतं: पालेभाजीवर घाट चढत नाही, मटण सोडलं की दम सुटतो. मग व्हीगन धावपटू स्कॉट ज्युरेक येतो, म्हातारपणी मॅरेथॉन पळणारे शाकाहारी फौजा सिंग येतात, कोल्हापूरच्या तालमी येतात, कुणाचे तरी ठणठणीत आजोबा येतात. आणि शेवटी दोन्ही बाजू माझ्याकडे वळतात. "अगं, तू तिकडे आहेस. तूच सांग, तिकडे काय खातात?"

यंदा मला याचा खरोखर राग आला. मला साक्षीला बोलावतात, पण साक्ष काय द्यायची ते आधीच ठरलेलं असतं. डाळी-कडधान्यांबद्दल चांगलं लिहिलं की एक गट अंगठे दाखवतो, लोहाबद्दल लिहिलं की दुसरा. दुसरं कारण जास्त जिव्हारी लागणारं आहे. आपल्याकडे हा वाद पोटाचा फार क्वचित असतो. कुणाच्या घरी काय शिजतं यावरून आपण माणसाची जात हुंगतो, पुण्या-मुंबईत त्यावरून भाड्याचं घर नाकारतो, आणि तोच भेद आता प्रोटीन आणि मायक्रोबायोमच्या, म्हणजे पोटातल्या जिवाणूंच्या, भाषेत ग्रुपवर येतो. इथे अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये, कोमो तळ्याभोवती मी ज्या बायकांबरोबर पळते, त्यातली एक व्हीगन आहे आणि दुसरीचा फ्रीझर नवऱ्याने नोव्हेंबरात मारलेल्या हरणाने भरलेला असतो. दोघी एकाच गाडीतून डुलुथला ग्रँडमाज मॅरेथॉनला जातात. त्यांच्यात चर्चा होते ती धावताना घ्यायचं कोणतं साखरेचं जेल पोटाला सोसतं आणि आदल्या दिवशी काय टाळायचं याची.

ज्युरेकचं नाव घेणाऱ्यांना मला सांगायचंय की तो आमच्या मिनेसोटाचा आहे, डुलुथजवळच्या प्रॉक्टरचा. लहानपणी शिकार, मासेमारी, मांस-बटाटे यांवर वाढला. पुढे व्हीगन झाला आणि वेस्टर्न स्टेट्स ही १०० मैलांची शर्यत १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकला. त्याने ते कसं केलं तर प्रचंड प्रमाणात, विचार करून, स्वतः शिजवून खाल्लं. याचा अर्थ व्हीगन माणूस सर्वोच्च पातळीवर धावू शकतो एवढाच होतो. साताऱ्यातल्या कुणाही बाईने उद्यापासून दूध-अंडी सोडली तर तिचा वेळ सुधारेल, असा होत नाही.

पण माझं खरं भांडण गटांच्या नावांशी आहे. आमचं घर ग्रुपच्या भाषेत 'मांसाहारी'. त्या घरात मी वाढले तेव्हा काय खाल्लं? सकाळ-संध्याकाळ ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची उसळ, हरभरा, मटकी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, ताक, कांदा. मटण रविवारी, तेही एका किलोत दहा माणसं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी वर्ज्य. श्रावणात महिनाभर नाव नाही. आणि इथल्या ऑफिसातली माझी शाकाहारी सहकारी काय खाते? चीज, पास्ता, पांढरा पाव, पुन्हा चीज. तिच्या आठवड्याभरात जेवढा चोथा पोटात जात नसेल तेवढा आमच्या आईच्या दोन दिवसांच्या ताटात होता. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पाटी वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत काय पोचतं ते त्यांना कळतं: न पचलेलं पीठ, कडधान्यातली साखर, भाजीचा चोथा. त्यातून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. या हिशोबात साताऱ्याचं मटणवालं घर इथल्या चीजवाल्या शाकाहाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वनस्पतींवर उभं होतं.

केनियाचं तेच. २००४ मध्ये तिथल्या अव्वल धावपटूंच्या आहाराची मोजणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या ऊर्जेतली सुमारे ७६ टक्के पिष्ट पदार्थांतून आणि साखरेतून आली होती, आणि एकूण ऊर्जेपैकी ८६ टक्के वनस्पतींतून. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, भात, बटाटे, कोबी, राजमा, भरपूर साखर घातलेला दुधाचा चहा, आणि थोडं गोमांस. ग्रुपमधले मटणवाले त्यांना आपल्या बाजूला ओढतात. भाकरीवालेही ओढू शकतात. ताट बघितलं तर ते आमच्या जुन्या घरचंच आहे, फक्त ज्वारीच्या जागी मका.

आणि ज्या अमेरिकेला सगळे साक्षीला बोलावतात, तिथे काय निघालं? स्टॅनफर्डमध्ये हौशी धावपटूंना चार-चार आठवडे तीन वेगवेगळे आहार दिले: पूर्ण वनस्पतींचा, वनस्पतींपासून बनवलेल्या नकली मांसाचा आणि खऱ्या मांसाचा. मग १२ मिनिटांत किती अंतर कापतात ते मोजलं. २०२२ मध्ये निकाल आले, आहारांमध्ये ठळक फरक नव्हता. जर्मनीत हॅनोव्हरला २०१९ मध्ये मिश्राहारी, दूध-अंडी खाणारे शाकाहारी आणि व्हीगन अशा हौशी धावपटूंची क्षमता सायकलवर तपासली, तिथेही तेच. माणसं थोडी होती हे खरं. पण मटणाने दम वाढतो किंवा जातो, यातलं काहीच त्यातून बाहेर आलं नाही. मी हे दोन्ही ग्रुपवर टाकलं. कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

आता शर्यतीच्या दिवशीचं पोट. हा विषय सगळ्यात महत्त्वाचा आणि याच्यावरच आपल्याकडे कुणी बोलत नाही, कारण शौचाबद्दल बोलायची लाज वाटते. जोरात पळताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे जातं. आतड्यांचा पुरवठा खूप घटतो, कडक व्यायामात ८० टक्क्यांपर्यंत. उकाडा आणि पाण्याची कमतरता असली तर आणखी वाईट. (२०२३ च्या ऑक्टोबरात उकाड्यामुळे आमची ट्विन सिटीज मॅरेथॉन ऐन दिवशी सकाळी रद्द केली, तेव्हा मुंबई मॅरेथॉन पळणारे माझे मित्र मला खूप बोलले होते.) अशा आतड्यात आदल्या रात्रीची घेवड्याची उसळ पडलेली असेल, तर तिच्यातल्या साखरा लहान आतड्यात पचतच नाहीत. पुढे जिवाणू त्यांचा गॅस करतात, आणि कासच्या बाजूने उतरताना प्रत्येक पावलाला पोट ढवळतं. जी उसळ वर्षभर आतड्याला निरोगी ठेवते, तीच शर्यतीच्या आदल्या दिवशी नको. मटणाचा तेलकट रस्साही नको, कारण चरबीने जठर हळू रिकामं होतं. दोन्ही पक्षांना एकच सल्ला आहे, म्हणूनच बहुधा तो कुणाला आवडत नाही.

मग खायचं काय? इथे लोक पांढरा भात, बेगल, बटाटा खातात. आपल्याकडे हे शतकानुशतकं घरात आहे. मऊ भात. तांदळाची पेज. आणि साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पीठ आहे, चोथा नाहीच. खिचडीतलं दाण्याचं कूट आणि तूप बाजूला ठेवून साबुदाण्याची पातळ खीर केली, तर आदल्या संध्याकाळसाठी याहून सोयीचं मला काही माहीत नाही. शर्यतीत तासाला ६० ग्रॅम साखर आतडं घेऊ शकतं, ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज दिलं तर ९०पर्यंत, कारण दोघांचे आत शिरायचे दरवाजे वेगळे आहेत. पण हे दरवाजे सरावाने कामाला लागतात. लांब पळताना आठवडेच्या आठवडे थोडं थोडं खाण्याची सवय करावी लागते. आमच्या ग्रुपमध्ये पायांच्या सरावाचा तक्ता आहे, पोटाच्या सरावाचा नाही.

लोहाबद्दल मी जरा तावातावाने लिहिते, कारण माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, बरीच वर्षं तळाला होतं. हिमोग्लोबिन नॉर्मल, पण समिट अव्हेन्यूचा तो लांबलचक चढ आला की पाय शिशाचे. लांब धावल्यानंतर काही तास शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते लोह शोषू देत नाही. नेमकं त्याच वेळी आपल्याकडे घाट उतरून सगळे टपरीवर चहा पितात, आणि चहा उरलंसुरलं लोह अडवतो. भाजी-धान्यातलं लोह मुळात कमी शोषलं जातं. लिंबू पिळल्याने, आवळा खाल्ल्याने ते वाढतं, पण मांसातल्या लोहाइतकं सहज जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्या देशात बायकांना "बीट खा, होईल" असं सांगणारी पुरुषमंडळी ग्रुपवर आहेत. फेरिटिन तपासा, एवढंच माझं म्हणणं आहे.

बी-१२चं तसंच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. इथल्या व्हीगन मैत्रिणीच्या सोयाच्या दुधात, न्याहारीच्या सीरिअलमध्ये ते बाहेरून घातलेलं असतं. तिच्या नावाने आपल्या शाकाहाराचं समर्थन करणाऱ्यांच्या ताटात ते तसं घातलेलं नसतं. हीच ती तुलना जी फॉरवर्ड करणारे करत नाहीत.

या वादाची किंमत मॅरेथॉन पळणाऱ्यांना फारशी मोजावी लागत नाही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. आठवड्याला एक अंडं! बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८:०९.९१ मिनिटांत पळतो तेव्हा सगळे त्याचा व्हिडिओ टाकतात. तसल्याच दुष्काळी गावातल्या पोरांच्या अंड्यावर ग्रुपवर दोन दिवस श्रद्धा आणि संस्कृती चालली होती. ज्यांच्या कपाटात व्हे प्रोटीनचे डबे आहेत, तीच माणसं बोलत होती. ते वाचून मी फोन ठेवला आणि उणे वीसमध्ये बाहेर पळायला गेले.

आता जे लिहिणार आहे ते ग्रुपवर लिहिलेलं नाही. २०१८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा एक अभ्यास आला, आग्नेय आशियातून इथे आलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांच्या पोटातल्या जिवाणूंचा. चोथा पचवणारे प्रेव्होटेला कमी होत जातात, बॅक्टेरॉइड्स वाढतात, आणि हा बदल पहिल्या वर्षाच्या आतच सुरू होतो. इथे जितकी वर्षं जातात तितका तो वाढतो, मुलांमध्ये आणखी. नुसत्या बदललेल्या खाण्याने त्याचा पूर्ण उलगडा होत नाही. मी ह्मोंगटाउनच्या बाजारातून मिरच्या आणि पालेभाज्या आणते, त्या विकणाऱ्या आजींच्या लोकांबद्दलचा हा अभ्यास. प्रेव्होटेला भारतीय पोटांतही भरपूर असतो, भोपाळच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये ते दाखवलं आहे. म्हणजे माझ्यातही तेच चाललं असणार.

मागच्या डिसेंबरात साताऱ्याला गेले, घाट पळाले, आणि नंतर मित्राच्या घरी पिठलं-भाकरी आणि घेवडा पोटभर खाल्ला. रात्रभर झोप नाही. सकाळी वहिनी सहज म्हणाल्या, "तुमचं पोट आता तिकडचं झालं." त्यांना काही लागेलसं बोलायचं नव्हतं. मला मात्र ते आजही लागतं. नागरिकत्वाचे कागद मी शांतपणे सही केले होते. हे मात्र मला विचारून झालेलं नाही. इथे कुणी भारतीय जेवण जड म्हटलं की मी आमच्या भाकरीची बाजू घेऊन भांडते, तिथे कुणी पूर्वजांचा शाकाहार काढला की आमच्या रविवारच्या मटणाची. दोन्हीकडे मी एकाच ताटासाठी भांडते, आणि ते ताट मला आता धड पचत नाही.

म्हणून परवा "तिकडे काय खातात"चं उत्तर द्यायचं मी नाकारलं आणि उलट विचारलं: शनिवारी दिवसभर तुम्ही खरोखर काय खाल्लंत ते लिहा. आमच्या शाळेचे पीटीचे सर, आता सत्तरीचे, त्यांनी पहिलं पाठवलं: चहा-खारी, पोळी-बटाटा, संध्याकाळी नातवाबरोबर पिझ्झा. बाकीच्यांचंही तसंच, गव्हाची पोळी, बिस्किटं, पनीर. ज्वारीची भाकरी आता बहुतेक घरांत फक्त मटणाच्या दिवशी होते. ग्रुपमधल्या कडव्या शाकाहाऱ्यांपेक्षा मटणवाल्यांच्या पोटात चोथा जास्त जातोय. सरांना मी लिहिलं, "सर, आठवड्यातून चार दिवस भाकरी आणि उसळ परत सुरू करा, तुम्हीच आम्हाला सांगायचात. फक्त शर्यतीच्या दोन दिवस आधी थांबवा." त्यांनी विचारलं, खारी चालेल का. खारीत तूप भरपूर असतं, शर्यतीच्या सकाळी नको, असं मी कळवलंय.