आधी धुवा, मग काय फासायचं ते फासा

परवा पुन्हा तेच झालं. वॉशिंग सेंटरवरून गाडी घेतली तेव्हा बंपर लखलखत होता. घरी येऊन बोट फिरवलं तर बोटाला तेल. नुसतं तेल, आणि तेलाखाली जुना मळ जसाच्या तसा.

माझी गाडी पांढरी आहे, सात वर्षांची. चाकांच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, बंपरचा खालचा भाग, वायपरखालची जाळी, सगळीकडे काळं प्लॅस्टिक, रंग न दिलेलं. शोरूममध्ये ते ‘दणकट लूक’ म्हणून कौतुकानं दाखवतात. तीन उन्हाळे गेले की त्याची राख होते, ते कुणी सांगत नाही. माझं ऑफिस मार्केट यार्डात, गाडीला शेड नाही. दुपारनंतर सगळं ऊन उजव्या बाजूला. डावीकडून बघितलं तर गाडी बरी दिसते, उजवीकडून बघितलं तर कुणी चुना ओढलाय असं वाटतं.

गेल्या वर्षी मिरजेत भाच्याचा साखरपुडा होता, म्हणून गाडी चकचकीत करायला दिली. सेंटरवरचा पोरगा म्हणाला, “ताई, काय टेन्शन घेऊ नका, नवी करून देतो.” सहाशे रुपये जादा घेतले. बॉडीला मशीननं पॉलिश मारलं आणि मारताना काळ्या पट्ट्यांना टेप लावायचे कष्ट घेतले नाहीत. ते पॉलिश प्लॅस्टिकच्या दाण्यादाण्यांत जाऊन बसलं आणि वाळून पांढरंफटक झालं. मग ते झाकायला वरून बाटलीतलं शायनर ओतलं. साखरपुड्याच्या दिवशी सगळे म्हणाले, गाडी काय मस्त ठेवलीयस! आठ दिवसांनी वळवाचा पाऊस आला. सकाळी बघते तर आरशांखालून आणि खिडक्यांच्या पट्ट्यांखालून पांढऱ्या दारांवर काळपट तेलकट ओघळ, आणि पट्ट्या पुन्हा पांढऱ्या, पॉलिशच्या डागांसकट.

आणि तो पाऊस यायच्या आधीचे आठ दिवस? हळदीचा सीझन होता. यार्डात हवेतच हळदीची धूळ असते, ती कोरड्या गाडीवरून कपड्यानं झटकली की जाते. पण तेलकट प्लॅस्टिकवर? बंपरच्या प्रत्येक दाण्यात पिवळा थर, बोटानं घासला की लगदा व्हायचा. नखांत गेलेला पिवळा रंग दोन दिवस निघाला नाही.

बरं, हे काही गूढ शास्त्र नाही. हे प्लॅस्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं. काळा रंग कार्बन ब्लॅकचा, आणि तो अतिनील किरण अडवतोसुद्धा. पण वर्षानुवर्षं ऊन खाऊन वरचा पापुद्रा ऑक्सिडेशननं भुसभुशीत होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्यांवरून उजेड विखुरतो, म्हणून ते पांढुरकं दिसतं. त्या भेगांत शायनरमधलं सिलिकॉनचं तेल भरलं की ओली फरशी जशी गडद दिसते तसं प्लॅस्टिक काळं दिसतं. ओल आहे तोवर. ही दुरुस्ती नाही, ही फसवणूक आहे, आणि दर पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा पैसे देता.

दुसरा एक डेकोरवाला त्याहून शहाणा. मला न विचारता हीट गन फिरवली. गरम केलं की प्लॅस्टिक काळं होतं हे खरं, पण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि हीट गनची हवा त्याच्या कितीतरी पुढं जाते. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीवर आता तळहाताएवढा गुळगुळीत, चकाकणारा डाग आहे. दाणाच वितळून गेला. तो परत कसा आणायचा? विचारलं तर म्हणे, “जवळून बघितलं तरच दिसतंय, ताई.” माझी गाडी मी जवळूनच बघणार ना!

शेवटी एका रविवारी मीच बसले. बादलीत पाणी, ऑल पर्पज क्लीनर, मऊ दातांचा जुना टूथब्रश. एक पट्टी तीनदा घासली. पहिल्या वेळी फडक्यावर काळं-पिवळं चिकट निघालं, दुसऱ्या वेळी राखाडी, तिसऱ्या वेळी जवळजवळ स्वच्छ पाणी. पूर्ण वाळवलं. मग तेलाचा अंश जावा म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. आणि मगच प्लॅस्टिकसाठी मिळतं ते कोटिंग, दोन-चार थेंब, स्पंजवर घेऊन. सावलीत, गार प्लॅस्टिकवर. दिवसभर पाणी लागू दिलं नाही. नुसत्या उजव्या बाजूला साडेचार तास गेले, कंबर धरली. पण ते काळं तेलकट नाही, कोरडं काळं आहे. हात फिरवला तर हाताला काही लागत नाही. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, एकही ओघळ नाही.

म्हणजे होतं! होत नाही असं नाही. वेळ लागतो म्हणून जास्त पैसे सांगा, मी देते. आज होणार नाही, उद्या या म्हणा, मी येते. पण मळावर तेल ओतून त्याला ‘रिस्टोरेशन’ म्हणून बिलावर लिहू नका.

आणि परवा? परवा फक्त साध्या पाण्यानं धुवायला दिली होती. निक्षून सांगितलं होतं, प्लॅस्टिकला काही लावू नका. आत चहाचे पैसे द्यायला गेले तेवढ्यात धुणाऱ्या पोरानं सगळ्या बाजूंनी शायनर मारला. “तुमच्यासाठी फ्री केलं, ताई.” आता या रविवारी पुन्हा टूथब्रश घेऊन बसायचं, आणि या वेळी चारही बाजू.