पर्चीवरचं वय

माझं वय अठ्ठावन्न आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवापासून इंदूरच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या नावापुढे निळ्या शाईत 78 लिहिलेलं आहे, आणि ते आता तसंच राहणार आहे.

ऐकण्यात चूक झाली, मान्य. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "एज?" मी म्हटलं, "अट्ठावन." तिच्या एका कानात गाणं चालू होतं, उरलेल्या कानाने तिने "अठहत्तर" ऐकलं. होतं असं. पण लिहायच्या आधी तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन सेकंद निरखून बघितलं. आणि मग लिहिलं. माझी तक्रार त्या दोन सेकंदांबद्दल आहे.

"दादाजी, वहाँ बैठ जाइए. आराम से."

झालं होतं एवढंच, की आदल्या रात्री पलंगावर पडून वाचत होतो. जॅक रीचरची इंग्रजी थरारकादंबरी. पाच जणांनी त्याला घेरलं होतं, तीन आडवे झाले होते, दोघं उरले होते आणि माझा डोळा लागला. पुस्तक हातातून सुटून पलंगाखाली गेलं. ते काढायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. यातला विनोद बायकोने मला सकाळपर्यंत तीनदा समजावून सांगितला.

फिजिओच्या बाकावर एक पद्धत असते. नाव कुणी विचारत नाही, "कैसे हुआ?" विचारतात. माझ्या डावीकडचा खोदलेल्या रस्त्यात स्कूटरसकट गेला होता. या शहरात ते मानाचं दुखणं आहे, सगळ्यांनी आपुलकीने चुकचुक केलं. समोरच्या गृहस्थांचा खांदा गोठला होता, फ्रोझन शोल्डर. आपोआप झालं म्हणाले, तरी आवाजात थोडा रुबाब होता. माझी पाळी आली.

"किताब उठा रहा था."

शांतता.

"मोटी थी?" स्कूटरवाल्याने विचारलं. माझी बाजू सावरायचा तेवढा एक प्रयत्न झाला.

मग मला रीचर कोण ते सांगावं लागलं. सहा फूट पाच इंच, अडीचशे पौंड, अमेरिकन लष्करी पोलिसातला माजी मेजर. घर नाही, दार नाही, सामान म्हणजे खिशात एक घडीचा टूथब्रश. चालत किंवा बसने गावोगाव हिंडतो, काळी कॉफी पितो आणि त्या गावातल्या गुंडांची हाडं मोडतो. कपडे धूत नाही. तीनचार दिवस घातले की नवे स्वस्तातले घेतो, जुने फेकून देतो. (इंदूरला येऊन फेकून दाखव म्हणावं. सकाळी कचरा गाडीवाला पँट हातात धरून विचारेल, गीला की सूखा? आणि आमच्या घरी तर जुन्या बनियनचा आधी पोछा होतो, मग पायपुसणं होतं, तेव्हा कुठे त्याला गाडीचं दर्शन घडतं.)

मी त्याला पहिल्यापासून वाचत आलोय. पहिलं पुस्तक 1997 चं. तेव्हा मी तिशीत होतो आणि तो छत्तीसचा. म्हणजे थोरल्या मावसभावासारखा, आपल्यापेक्षा जरा दांडगा, पण आपल्यातलाच. त्याची जन्मतारीख 29 ऑक्टोबर 1960. पुस्तकांमध्ये ती दिलेली आहे, मी मनाने सांगत नाही. म्हणजे आज तो पासष्टीचा. मध्य प्रदेश शासनाने 2018 साली आमचं निवृत्तीचं वय 60 चं 62 केलं. रीचर आमच्या खात्यात असता तर वाढीव मुदत संपवूनही पेन्शनीसाठी खेटे घालत असता. जेम्स बॉन्डच्या खात्याचा नियम त्याहून कडक होता. 1955 च्या कादंबरीत फ्लेमिंगने स्पष्ट लिहिलंय, डबल ओ वाल्या हेरांना 45 व्या वर्षी टेबलाचं काम. निदान नियम तरी होता. रीचरला तोही नाही. त्याला घडवणारा जिम ग्रँट, पुस्तकावर ली चाइल्ड, टीव्हीतली नोकरी गेली म्हणून लिहायला बसला होता. तो 2020 साली, स्वतः पासष्टीचा असताना, आता पुरे म्हणाला आणि लेखणी धाकट्या भावाकडे सोपवली. लिहिणारा थकला. ज्याच्यावर लिहायचं तो कुठल्याशा बस स्टँडवर कुणाचं तरी नाक फोडतोय.

"तो क्या हुआ?" खांदेवाले म्हणाले. "अपने सुरेंद्र मोहन पाठक का सुनील देखो भिया. 1963 से रिपोर्टर है. आज भी जवान." हिंदी रहस्यकथा लिहिणाऱ्या या पाठकांचाच दुसरा नायक विमल 1971 पासून पळतोय, हेही त्यांनी जोडलं. त्यांच्या मते नायकाचं वय मोजणं म्हणजे देवाकडे शाळेचा दाखला मागणं. हे म्हणताना त्यांनी हात वर करायचा प्रयत्न केला, तो पोटापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

काउंटरवरून आवाज आला, "रीचर? वो सीरीज़ वाला? वो तो क्यूट है!"

हे एक वेगळंच दुःख आहे. 2012 साली सिनेमात टॉम क्रूझला रीचर केलं तेव्हा उंचीवरून आम्ही वाचकांनी आकांत केला होता. मग 2022 मध्ये मालिका आली आणि उंची मिळाली. नट अ‍ॅलन रिचसन, जन्म 1982. म्हणजे साठी उलटलेला माझा मावसभाऊ एका रात्रीत एकोणचाळीसचा झाला, छातीबिती घेऊन. त्याला नवीन शरीर मिळालं. मला कमरेचा पट्टा मिळाला, साइज एक्सेल, परत घेतला जाणार नाही.

आणि इथे कोपऱ्यातले नाना बोलले.

नाना म्हणजे पांढरा झब्बा, काठी, गुडघ्याला गरम कपडा. एवढा वेळ डोळे मिटून होते, मला वाटलं झोपलेत. डोळे न उघडताच म्हणाले, "कोण होता म्हणालात तुमचा?"

"मेजर."

"मेजर." नानांनी शब्द तोंडात घोळवला. "आमचे सीके कर्नल होते."

यावर काय बोलणार? इंदूरच्या मराठी माणसासमोर क्रिकेटवाल्या कर्नल सी. के. नायडूंचं नाव निघालं की वाद तिथेच संपतो. पण नानांचा तो सुरू होत होता.

"पासष्ट म्हणजे काय वय आहे? एकसष्टाव्या वर्षी सीके उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. चौऱ्याऐंशी केले. चौऱ्याऐंशी! आणि तुम्ही म्हणून राहिले की त्याने घरी बसावं?"

मी म्हटलं, "नाना, मी त्याने बसावं नाही म्हणत. त्याचं काहीतरी दुखावं एवढंच म्हणतो. गुडघा म्हणा, कंबर म्हणा. सकाळी उठताना एकदा तरी 'आई गं' म्हणावं."

"सीके म्हणाले का आई गं?" नाना उठले. "बावन्न सालची ती फायनल. आपलं होळकर आणि समोर मुंबई. सीकेंचं वय छप्पन. दत्तू फडकरचा चेंडू उसळला आणि तोंडावर. दोन दात पिचवर! मी आठ वर्षांचा. बघितलं नाही, पण वडिलांनी इतक्यांदा सांगितलं की बघितल्यासारखंच आहे. सीकेंनी काय केलं? थांबा, दाखवतो. द्या ती बॅट."

"नाना, तो माझा एक्स-रे आहे."

"तेच ते."

माझ्या कण्याचं ते मोठं खाकी पाकीट नानांनी दोन्ही हातांत धरलं, काठी भिंतीला टेकवली आणि गार्ड घेतला. टेबलावर मूठ आवळायच्या व्यायामाचा एक रबरी चेंडू पडला होता. नानांनी खांदेवाल्यांकडे बोट केलं. "टाका."

"अंकल, हाथ नहीं उठता."

"तो अंडरआर्म डालो!"

त्यांनी खरंच टाकला. मला अजून कळत नाही, त्या माणसाने नाही का म्हटलं नाही. कळत नाही म्हणजे, कळतं. दहाची वेळ दिलेली होती, पावणेबारा वाजले होते, आणि आत कुणालाच बोलावत नव्हते. हे अपॉइंटमेंटचं काय गौडबंगाल आहे? वेळ द्यायची आपण, पाळायची आपण, आणि ते आपल्याला पाळणार. "कमर दर्द में ज़्यादा देर बैठना नहीं" असा तक्ता समोर लावून माणसाला पावणेदोन तास लोखंडी खुर्चीवर बसवायचं. घरून कण्हत आलेला माणूस बसून बसून किंचाळत आत जावा, अशीच योजना असणार. मग दहा बैठकींचं पॅकेज वीस बैठकींचं होतं. विचारलं तर "डॉक्टर साहब बिज़ी हैं." असतील. त्या बंद दारामागून क्रिकेटची कॉमेंटरी येत होती, एवढंच मी म्हणतो.

तर चेंडू आला. नानांनी आधी दात पडल्याचा अभिनय केला, पाकिटाच्या कडेने ते पिचवरून बाजूला सारले, "चल, पुढचा टाक" असं फडकरला खुणावलं आणि मग फटका मारला. माझी एल-फोर, एल-फाइव्ह दोन्ही कडाड् वाजली. पाकिटातली. चेंडू काउंटरवरून पलीकडे गेला.

"दादाजी!" ती पोरगी ओरडली.

आम्ही दोघांनीही वर बघितलं.

याचं मला जास्त लागलं. हाक नानांना होती. मी का बघितलं?

नानांनी पाकीट परत दिलं. मधोमध घडी पडली होती. नऊशे रुपये मोजले होते त्या एक्स-रेचे. मी काही बोललो नाही, कारण पाकिटाला टाचलेली माझी पर्ची नाना चष्मा वर करून वाचत होते.

"अठ्ठ्याहत्तर?" मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत ते म्हणाले. "वा! वयाच्या मानाने झकास ठेवलंय हो शरीर. मी ब्याऐंशी."

मी तोंड उघडलं. सांगणार होतो. पण तीस-पस्तीस वर्षांत माझ्या शरीराला कुणी झकास म्हटल्याचं आठवत नव्हतं. तोंड मिटलं.

"तेच सांगून राहिलो तुम्हाला," नाना बसता बसता म्हणाले. "आम्ही लहानपणी अर्नाळकर वाचायचो. झुंजार कधी म्हातारा झाला? नाही झाला. त्याने व्हायचंच नसतं. तुमची कंबर दुखते म्हणून त्याची कशाला दुखायला पाहिजे?"

मग अखेर माझं नाव पुकारलं गेलं. उठायला गेलो आणि अर्ध्यात अडकलो, धड उभा नाही, धड बसलेला नाही. नानांनी काखेत हात घालून मला सरळ केलं. ब्याऐंशीव्या वर्षी. एका हाताने. खांदेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना जमल्या तेवढ्या.

आत पंधरा मिनिटं विजेच्या मुंग्या आणल्या, एक तक्ता दिला, झालं. बाहेर येऊन पैसे द्यायला गेलो आणि आता मात्र चूक दुरुस्त करून घ्यायची असं ठरवलंच होतं.

"छह सौ हुए थे," पोरगी म्हणाली, "सीनियर सिटिज़न हैं तो चार सौ अस्सी. दस सिटिंग लेंगे ना दादाजी?"

दर खेपेला एकशेवीस. गुणिले दहा. मी मनात हिशेब केला, एक्स-रेचे नऊशे वळते केले, तरी तीनशे वर उरत होते.

"हाँ बेटा," मी म्हटलं. आवाज आपोआपच जरा कापरा निघाला.

घरी सगळं सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, पण पुढच्या वेळी आधारकार्ड मागितलं तर?" ती मला विसरलो म्हणायला सांगते आहे. या वयात विसरतातच, म्हणे.

पुस्तक अजून पलंगाखाली आहे. मी वाकू शकत नाही, बायको वाकत नाही, आणि कामवाल्या बाईने काल पोछा मारताना ते आणखी आत, पार भिंतीपाशी ढकललं. तिघं आडवे पडलेत. दोघं अजून उभे आहेत.