निबंध वाचूनच लिहिलं आहे

"मूळ निबंध वाचलाय तरी का? श्रीमंतांबद्दलची असूया सोडली तर या लेखात काही नाही," असं माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेत तुम्ही लिहिलंत. अमेरिकन अब्जाधीश गुंतवणूकदार पीटर थील यांचे विचार लोकशाहीविरोधी आहेत हे माझं म्हणणं तुम्हाला पटलं नाही, ठीक आहे. पण अनोळखी माणसाशी बोलायची ही कुठली रीत?

हो, वाचलाय. केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकन विचारसंस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेला थील यांचा तो निबंध मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आहे. स्वातंत्र्य आणि लोकशाही एकत्र नांदू शकतात असं आपल्याला आता वाटत नाही, हे थील यांनी त्यात स्वतःच लिहिलंय. १९२० नंतर सरकारी मदत घेणारे वाढले, बायकांना मताधिकार मिळाला आणि भांडवलशाही लोकशाहीची आशा संपली, हेही तिथेच आहे. बायकांचं मत काढून घ्या असं आपण म्हणत नाही, हा खुलासा त्यांनी नंतर केला. तो मी द्यायला हवा होता, एवढं मान्य. पण त्याने मूळ तक्रार कुठे पुसली जाते? आपले विचार हरतात याचं खापर ते मतदारांवर फोडतात. लोकांना पटवायचं सोडून समुद्रावरच्या वसाहती, अंतराळ आणि इंटरनेट असे सुटकेचे रस्ते सुचवतात. याला लोकशाहीविरोधी नाही तर काय म्हणायचं?

आणि असूया म्हणाल तर ऐका. भोसरीत मी बरीच वर्षं लेथचं वर्कशॉप चालवलंय. परवान्यांसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरलोय, हात ओले केल्याशिवाय फाइल हलत नाही हे भोगलंय. सरकारचा जाच काय असतो ते तुम्ही मला शिकवू नका. तरीही माझ्या लेथवर काम करणाऱ्या पोराचं मत आणि माझं मत सारखंच मोजलं जातं, हे मला कधी खुपलं नाही. थील यांना खुपतं.

रिपब्लिकन पक्षाचे जे. डी. व्हान्स यांच्या २०२२ च्या ओहायोतल्या सेनेट निवडणुकीसाठी थील यांनी दिलेले दीड कोटी डॉलर कायदेशीर होते, म्हणता. मी कुठे नाकारलं? कायदेशीर आहे म्हणून ते लोकशाहीला पोषक होत नाही.

यापुढे मुद्द्यावर लिहिलंत तर उत्तर देईन. माझी लायकी काढायची असेल तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.